बैठकीतला हुशार दिवा

आमच्या बैठकीतला दिवा माणसं ओळखतो, असं मी पाथरीत ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं तर तो फक्त हालचाल ओळखायचा. पण हा फरक कळेपर्यंत माझ्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली!

या सगळ्याला कारणही मुलगीच. आमची सुजाता खोलीतून उठली की मागं दिवा तसाच. "सुजे, दिवा!" असं ओरडून माझा घसा बसायचा. शेवटी मी हालचालीवर चालणारं बटण बसवलं. माणूस आला की उजेड, हलायचा थांबला की अंधार.

"आवं, एलईडीचा बल्ब हाय, त्यो खाऊन खातो किती?" बायको म्हणाली.

"प्रश्न शिस्तीचा हाय!" मी म्हणालो. (शिस्त हा शब्द काढला की आमच्या घरी चहा मिळत नाही.)

मग सोनपेठहून पाहुणे आले. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती; अडलं होतं फक्त मुलाच्या वडिलांच्या होकारावर. दिवेलागण झाली, तसे ते म्हणाले, "आधी वंदना करू, मग बोलू." मला फार बरं वाटलं. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं आणि सगळे डोळे मिटून बसलो. इतके शांत बसलो, की दिव्याच्या मते घरात कुणीच नव्हतं.

"लाईट गेली काय?" पाहुण्यांनी डोळे उघडले.

"न्हाई न्हाई, आपण हलायलो न्हाई म्हणून गेली!"

हे त्यांना उमगायच्या आत मी उठून दोन्ही हात उडवायला लागलो, ज्वारीवरची पाखरं हाकलावीत तसे. दिवा लागला, तेव्हा पाहुणे दारात चपला शोधत होते!

"निघतो की आमी," ते म्हणाले. "पण हाकलता कशापायी?"

माझे हात अजून हवेतच होते. तेवढ्यात सुजाताच पुढं झाली.

"मामा, पप्पा दिव्याला हात करायलेत, तुमाला न्हाई. मी दिवे बंद करायचं इसरते, म्हणून हललं तरच दिवा लागंल असं बटण बसवलंय त्यांनी."

झालं! पोरीनं ऐन बैठकीत स्वतःचा दोष सांगून टाकला. पाहुण्यांनी वर दिव्याकडं पाहिलं, मग मेणबत्तीकडं.

"ही बरी," ते म्हणाले. "कुणी हलू न हलू, जळायलीय आपली." आणि खो खो हसले. "आमच्या घरी दिवे बंद करायला मी हाय. पोरगी द्या!"

सुजाता सोनपेठला गेली. तिच्याशिवाय करमत नाही. घर इतकं शांत झालं, की पेपर वाचताना दिवा सारखा विझायचा आणि रिकाम्या बैठकीत मी एकटाच हात हलवत बसायचो. शेवटी ते बटण काढलं, साधं लावलं.

परवा बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "आवं, बैठकीत कुणी न्हाई, दिवा का जळायलाय?"

मी खोलीतूनच हाक दिली, "सुजे, दिवा!"

मग उठलो आणि मीच चालू ठेवलेला दिवा बंद करून आलो.