डाव्या हातातलं पिस्तूल

"मुडदा कुठे पडलाय ते सांगा," म्हणत आमच्या इमारतीतले काका समोरच्याला तिसऱ्या वाक्यालाच तोडायचे. मग जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या सभेत विषय पाण्याच्या टाकीचा का असेना.

"काका, हर मीटिंग में आपका लफडा!" सेक्रेटरी वैतागायचे.

"सुरुवात लांबली की वाचक पळतो. तू तर बसलेल्यांनाही पळवतोस."

त्यांना कुणी चहाला बोलावत नसे. तेही कुणाला बोलावत नसत.

नोकरी कारकुनाची. उरलेल्या वेळात एका साहसी नायकाची पॉकेटबुकं लिहिली. मालिका लिहिणारे चौघे. पुस्तकावर नाव मात्र प्रकाशकाचं. पहिलं पुस्तक यांचं. धंद्याची रीत अशी, की मुखपृष्ठ आधी छापलं जाई आणि गोष्ट त्याला जुळवून लिहावी लागे. त्या पहिल्या मुखपृष्ठावर चित्रकाराने चुकून पिस्तूल डाव्या हातात दिलं होतं.

"मग मी नायकाचा उजवा हात कामातून घालवला," ते मला म्हणाले.

"कसा?"

"मिठागरात पाणी अडवायची फळी पडून. माझ्या बापाचा तसाच गेला होता." आवाज तेवढ्यापुरता खाली आला. "हे छापू नका. तुम्ही पेपरवाले फार रडवता."

गेल्या वर्षी त्या नायकावर वेब सिरीज आली. समारंभात प्रकाशकाचा मुलगा म्हणाला, "नायक डावखुरा, कारण बाबा डावखुरे होते." टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून हे उठले. "खोटं! तो हात माझ्या बापाचा आहे!"

"काका, त्या चौघांतले तुम्ही नेमके कितवे?" मुलाने माइकवरून विचारलं.

सभागृह हसलं. हे रांगेतून वाट काढत निघाले. बाहेर रिक्षात बसताना मला एवढंच म्हणाले, "आता छापा."

मी लिहिलं. पेपरच्या डेस्कने पुरावा मागितला. चित्रकार आणि बाकीचे तिघे कधीच वारले होते. मुलाचं भाषण छापून आलं, यांचं वाक्य आलं नाही. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटले की माझ्याकडे न बघता विचारायचे, "काय, सापडला का मुडदा?"

या महिन्यात ते गेले. इंद्रलोकच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. फोटोखाली लिहिलंय, 'सेवानिवृत्त कर्मचारी'. तिथून जात असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, फ्लेक्सच्या बरोबर वर सिरीजचं होर्डिंग आहे. पिस्तूल डाव्या हातात. उजवा हात लुळा लटकतोय.