गेणभाऊंचा पहिला नंबर

पिंपळवंडीच्या गेणभाऊंनी उभ्या आयुष्यात दोनच गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवला. एक म्हणजे त्यांचं घड्याळ आणि दुसरी त्यांची बायको सरूबाई. हा क्रम सरूबाईंनीच लावला होता आणि गेणभाऊंनी तो कधी नाकारला नाही.

हे घड्याळ मनगटावरचं नव्हे. बैलगाड्यांच्या शर्यतीत वेळ मोजायचं, मुठीत मावणारं, चावीचं स्टॉपवॉच. जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की शर्यतीचा घाट आला, घाट म्हटला की गाडे आले आणि गाडे आले की भांडणं आलीच. खाली निशाण पडतं, बैल चौखूर उधळत चढ चढतात आणि वरच्या रेघेपर्यंत ज्याला सगळ्यांत कमी सेकंद लागतात तो पहिला. म्हणजे सगळा खेळ घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्यावर. वीस वर्षं तो अंगठा गेणभाऊंचा होता. गाडा मेव्हण्याचा असो की बांधावर भांडणाऱ्या भाऊबंदाचा, गेणभाऊंनी सांगितलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मेव्हणा त्यापायी तीन वर्षं बोलत नव्हता, ते वेगळं.

त्यांच्या गळ्यावर एक गाठ होती. सुपारीएवढी होती तेव्हा त्यांनी तिच्यावर उपरणं गुंडाळलं, लिंबाएवढी झाली तेव्हा उपरण्याचा आणखी एक वेढा दिला. नव्व्याण्णव सालच्या श्रावणात भाकरीचा घास अडकायला लागला तेव्हा मात्र सरूबाईंनी उपरणं ओढून काढलं आणि नवऱ्याला पुण्याच्या एसटीत बसवलं. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण थायरॉइडची अख्खी ग्रंथी काढावी लागली.

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं, "ती ग्रंथी जे काम करायची, ते आता ही गोळी करणार. रोज एक, जन्मभर. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. आणि त्यानंतर तासभर चहा नाही."

जन्मभर गोळी हे गेणभाऊंनी शांतपणे ऐकलं. तासभर चहा नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

सरूबाईंनी मग नामी युक्ती काढली. पहाटे पाचला गेणभाऊंनी गोळी गिळली रे गिळली की त्या खुंटीवरचं शर्यतीचं घड्याळ काढून खटका दाबायच्या. घड्याळातला मिनिटांचा काटा अर्ध्या तासात एक फेरा मारायचा. दोन फेरे पुरे झाल्याशिवाय चुलीवर आधण चढायचं नाही. गेणभाऊ उंबऱ्यात बसून काट्याकडे बघत राहायचे.

"झाला का तास?"

"धा मिनिटं ऱ्हायली."

"घाटात बारा सेकंदात निकाल लागतो, राव. हितं चहाला तास!"

"मग घाटातच प्या जाऊन."

दर दीड महिन्याने रक्त तपासायचं होतं. रक्त नारायणगावात काढायचे, नळी पुण्याला जायची आणि चार दिवसांनी कागद यायचा. कागदावर टीएसएच नावाचा एक आकडा असे. पहिल्यांदा तो अडतीस आला. त्या दिवसांत गेणभाऊ म्हणजे नुसतं भरलेलं पोतं झाले होते. बसले तिथं डुलकी लागायची, ऐन ऑक्टोबरच्या उन्हात अंगावर घोंगडी. बाईंनी कागद बघून मान हलवली. "गोळी कमी पडली की हा आकडा चढतो," त्या म्हणाल्या आणि गोळी वाढवली. दीड महिन्याने आकडा अकरा झाला. "सुधारणा आहे," म्हणत बाईंनी गोळी आणखी थोडी वाढवली. त्यानंतर आला चार. "छान! आता हीच गोळी. यात फरक करायचा नाही."

झालं! वीस वर्षं घाटाच्या माथ्यावर काढलेल्या माणसाला आणखी काय हवं? अडतीस, अकरा, चार. आकडा उतरतोय, बाई खूश होतायत आणि आपल्या पायांत बळ येतंय. गेणभाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर गाडाच! आकडा जितका कमी, तितका नंबर वरचा. मग चारावर का थांबायचं? एका गोळीने बैल चालायला लागला, दोन घातल्या तर पळेल.

सरूबाईंना पत्ता लागू न देता ते दोन गोळ्या घेऊ लागले. मार्चमध्ये कागद आला. आकडा होता शून्य पॉइंट शून्य दोन.

गेणभाऊंनी नारायणगावातूनच पेढे घेतले. कागद बाईंना दाखवायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. पहिला आलेल्या पोराने पेपर मास्तरांना पुन्हा कशाला दाखवायचा? त्यांनी तो कागद खिशात घडी करून ठेवला आणि पारावर भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवत सांगितलं, "पैला नंबर आलाय! शून्य!"

खरं तर तोवर त्यांची पाठ अंथरुणाला लागेनाशी झाली होती. छातीत धडधडायचं. सदरा अंगावर लोंबायला लागला होता आणि घाम तर असा की उपरणं पिळून काढावं. "लई चपळाई आलीय," ते म्हणायचे. सरूबाई गप्प राहून बघत होत्या. गप्प राहणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, यावरूनच ओळखायचं.

चैत्रात आंबेगाव तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेला गेणभाऊ नेहमीसारखे घड्याळ घेऊन माथ्यावर उभे राहिले. दुपारी सावळारामचा गाडा आला. सावळाराम तिकडच्याच एका वाडीचा. वीस वर्षं गाडा पळवत होता आणि आजवर उत्तेजनार्थ टॉवेल-टोपीच्या पुढे गेला नव्हता. निशाण पडलं. गेणभाऊंनी खटका दाबला, पण हात असा थरथरला की अंगठा घसरला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा घड्याळ सुरू झालं; गेणभाऊंना वाटलं, खटकाच अडकला. बैल रेघ ओलांडून गेले. काट्याने दाखवलं दहा पॉइंट चार.

शेजारच्या माणसाने तो आकडा बघितला आणि ओरडला. घाट पेटला. पिवळ्या भंडाऱ्याचा धुरळा उडाला, हलग्या कडाडल्या. सावळाराम बैलाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडत होता. गेणभाऊ मात्र काट्याकडेच बघत उभे होते. इतका कमी आकडा त्या घाटात कधी निघाला नव्हता. त्यांनी लाऊडस्पीकरचा माइक मागून घेतला आणि सांगितलं, "ही येळ खरी न्हाई. माजं घड्याळ बिघडलंय."

बैल दमलेले, त्यांना पुन्हा पळवता येईना. पंचांनी ती बारी, म्हणजे सावळारामची धाव, बाद धरली. सावळाराम बैलाच्या कपाळावरचा भंडारा धोतराच्या सोग्याने पुसत राहिला. गेणभाऊंना ते बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

वैशाखात गेणभाऊंच्या स्वतःच्या गावची यात्रा होती. कमिटीने आडपडदा न ठेवता सांगितलं, "गेणभाऊ, तोवर काय ते निस्तरा. न्हाईतर घड्याळाला दुसरा माणूस बोलवू."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्नर गाठलं. बाजारपेठेत इब्राहिमभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हे स्टॉपवॉच दर हंगामाला त्यांच्याच हातून साफ होऊन यायचं. इब्राहिमभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, आत फुंकर मारली, दहादा खटका दाबून बघितला.

"घड्याळ ठणठणीत हाय, गेणभाऊ. जरा हात दाखवा."

गेणभाऊंनी हात पुढे केला. इब्राहिमभाईंनी त्यावर एक कागद ठेवला. तो वाऱ्याशिवाय फडफडायला लागला.

"तब्येत कशी हाय?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? पैला नंबर हाय!" गेणभाऊंनी खिशातला कागद काढला आणि अडतीसपासून शून्यापर्यंतची सगळी चढाओढ सांगितली. दोन गोळ्यांचं गुपितही त्या भरात सांगून टाकलं.

इब्राहिमभाईंनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. "मला औषधातलं कळत न्हाई. पण एक सांगा. एखादं घड्याळ दिवसाला धा मिनिटं मागं पडतं. ते बिघडलेलं का न्हाई?"

"बिघडलेलंच."

"आन दिवसाला धा मिनिटं पुढं पळतं, त्याला तुमी पैला नंबर देता का?"

गेणभाऊंनी घड्याळाकडे बघितलं आणि मग कागदावरच्या शून्याकडे. वीस वर्षं घड्याळ मुठीत धरलं आणि एवढी साधी गोष्ट दुसऱ्याने सांगावी लागली! आधी ते ओशाळले, मग त्यांना हसू फुटलं आणि दोघंही पोट धरून हसले. हसून झाल्यावर इब्राहिमभाईंनी त्यांना नारायणगावच्या एसटीत बसवून दिलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. छातीला यंत्र लावत त्यांनी अर्धा तास झाडलं. "हृदयावर येतं हे, गेणभाऊ! आकडा फार चढला तरी वाईट, फार उतरला तरी वाईट. त्याने मधे राहायचं. रोज एकच गोळी. दीड महिन्याने रक्त. आणि कागद आधी माझ्याकडे, पेढे नंतर."

घरी सरूबाईंनी गोळ्यांची बाटली आपल्या फडताळात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या दिवशी त्या इतकं बोलल्या, की गेणभाऊंना हायसं वाटलं.

एक काम उरलं होतं. गेणभाऊ सावळारामच्या वाडीवर जाऊन त्याच्या दारात उभे राहिले.

"सावळाराम, घड्याळ बिघडलं न्हवतं. मी बिघडलो व्हतो." आणि त्यांनी गोळ्यांसकट सगळं सांगितलं.

सावळारामने बैलाची पाठ खाजवली. मग म्हणाला, "माझ्या हयातीतला पैला नंबर तू दोन गोळ्यांत खाल्लास की रं." त्याने घरात चहा टाकायला सांगितलं. "हात नीट कर. तुमच्या यात्रेला मी गाडा घिऊन येतो. घड्याळ तूच धरायचं. तू न्हाई दिसलास, तर मी बैल जुपणार न्हाई."

ते सहा आठवडे गेणभाऊंनी मोजून काढले. रोज एक गोळी, रोज दोन फेरे, मग चहा. सरूबाईंनी स्वतःची तपासणी सुरू केली होती. त्या कप काठोकाठ भरायच्या आणि गेणभाऊंनी तो चुलीपासून ओट्यापर्यंत न्यायचा. पहिल्या आठवड्यात निम्मा चहा शेणाने सारवलेल्या जमिनीने प्यायला. चौथ्या आठवड्यात बशीत जेमतेम दोन थेंब सांडले. यात्रेच्या तीन दिवस आधी बशी कोरडी होती आणि त्याच दुपारी बाईंनी कागद बघितला. एक पॉइंट नऊ.

"मधे आहे," बाई म्हणाल्या आणि या वेळी हसल्या. "आता आणा पेढे."

यात्रेच्या दिवशी गेणभाऊ पुन्हा माथ्यावर उभे राहिले. कमिटीने खबरदारी म्हणून इब्राहिमभाईंनाही दुसरं घड्याळ देऊन शेजारी उभं केलं होतं. गाडे येत होते, जात होते, दोन्ही घड्याळं एकच आकडा बोलत होती. दुपार कलताना सावळारामने बैल जुपले. खालून त्याने वर बघितलं. गेणभाऊंनी हात उंच केला. हात खांबासारखा स्थिर होता.

निशाण पडलं. अंगठा दाबला. बैल आले ते धूळ उधळत, फुरफुरत आले आणि रेघ ओलांडून गेले. अकरा पॉइंट सहा. इब्राहिमभाईंच्या घड्याळातही अकरा पॉइंट सहा. त्या दिवशी अकरा पॉइंट पाच आधीच एकाने मारले होते. सावळाराम दुसरा आला.

तो धापा टाकत घाट चढून वर आला, गेणभाऊंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि निरखून बघितला.

"नंबर खरा हाय का?"

"खरा हाय."

"मग लई झालं, राव!" सावळाराम ओरडला आणि दोघांवर भंडाऱ्याची मूठ उधळली. गेणभाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. भंडारा डोळ्यांत गेला, असं त्यांनी नंतर सांगितलं, पण सरूबाईंनी ते मानलं नाही.

दुसऱ्या नंबरचं बक्षीस भिंतीवरचं मोठं घड्याळ होतं. सावळारामने ते घरी नेलंच नाही. संध्याकाळी तो गेणभाऊंच्या घरी आला, चुलीसमोरच्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकला आणि घड्याळ टांगून म्हणाला, "वैनी, चहाची येळ आता ह्याच्यावर बघा. गेणभाऊचं घड्याळ घाटाला लागतंय."