तापाच्या रकान्यातली आत्या

अप्पा शहराच्या आरोग्य खात्यात कारकून होते. मी दहा वर्षांची असताना त्यांच्यामागे एक किचकट काम लागलं. पहिल्या महायुद्धाच्या आसपासची मृत्यूंची बाडं उघडायची आणि मद्रासेत दर साली क्षयाने किती माणसं गेली ते उतरून काढायचं. संध्याकाळी कॉफी पिताना ते करवादायचे, "क्षय लपवून सगळ्यांनी 'ताप' लिहवलाय. एवढी माणसं तापानं मरतात होय? लबाड लेकाचे!" मला ते ऐकवत नसे, कारण आमची अक्का महिनाभर खोकत होती.

अक्का एकोणीस वर्षांची. शुक्रवारी तंजावरहून तिला बघायला माणसं यायची होती. आई म्हणायची, "कांहीं नाही, अंगांत उष्ण वाढलंय," आणि तिला मिरं-हळदीचं दूध द्यायची. पण अक्काचा पेला मात्र तिनं गुपचूप वेगळा काढला होता. आमच्याकडे पेल्याला ओठ लावायची पद्धतच नाही, मान वर करून पाणी वरून ओतायचं. मग वेगळा पेला कशाला? मला आईचा असा संताप आला की मी त्याच पेल्याला ओठ लावून पाणी प्यायले. एकदा नाही, रोज. अक्का हसायची, "शी, घाणेरडी!"

मग एक दिवस तिच्या रुमालावर लाल डाग दिसला. मी पेल्याला शिवायचं सोडलं, पण उशीर झाला होता असं मला सारखं वाटे. कुणाला सांगायची छाती नव्हती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अप्पांनी कॉफीला हात लावला नाही. बाडात त्यांना आमचाच रस्ता, आमचंच घर सापडलं होतं. माझी आत्या, वय अठरा, कारण ताप. खबर देणारे माझे आजोबा.

"ती रक्त ओकायची," अप्पा म्हणाले. "मी तस्त धरायचो. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, म्हणून बाबांनी ताप लिहवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अक्काला छातीचा फोटो काढायला एग्मोरजवळच्या दवाखान्यात घेऊन निघाले. आई दारात आडवी आली. "अय्यो, मागल्या दारानं तरी न्या! कोणी बघितलं तर शुक्रवारी कोण येईल?" अप्पांनी पुढचं दार सताड उघडलं. मी अक्काचा पदर धरून मागोमाग गेले. मला कुणी अडवलं नाही.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि एका पांढुरक्या डागावर बोट ठेवलं. "आता इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत. वेळेवर आलात," ते म्हणाले. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात पूर्वी कुणाला होता?"

अप्पा आता काय म्हणतील या धास्तीनं मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माझ्या बहिणीला," ते म्हणाले. "क्षयच होता."

"आणि आता घरात आणखी कुणाला खोकला?"

"नाही, नाही," अप्पा चटकन म्हणाले.

मी अक्काचा पदर सोडला. "मला," मी म्हणाले. "पंधरा दिवस झाले, अप्पा. उशीत तोंड खुपसून खोकते."