बैलाला सांगितलेल्या गोष्टी

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, बाबा चिडले की मला बैल म्हणतात. ती शिवी आहे का?" मी म्हणाले, लिहून कळवते. तुम्ही दोघंही हसलात, कारण हो की नाही एवढंच तर सांगायचं होतं. मला ते तसं सांगता येत नाही. शिवाय पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि पहिल्याच्या वेळी सहा आठवडे लिहिणं बंद होतं. म्हणून आत्ताच लिहिते. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनाही यातलं फारसं माहीत नाही, कारण हे त्यांच्या जन्माआधीचं आहे.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. वडील रेल्वेत होते, घरात गाय नाही की बैल नाही. नागपूरला राहून मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि सौंसरच्या मुलींच्या शाळेत लागले. बैल म्हणजे माझ्यासाठी 'ऑक्स'. त्याचं अनेकवचन माझ्या विद्यार्थिनी दरवर्षी चुकवायच्या. एवढाच आमचा संबंध.

ऐंशी सालानंतर लवकरच माझं लग्न झालं, तेही सौंसरलाच. तुमचे आजोबा तेव्हा बस्तरमध्ये नोकरीला होते आणि वर्षातून दोनदा यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे त्या घरात मी, माझे सासरे आणि मागच्या गोठ्यात दोन बैल, एवढीच माणसं. माणसं असं चुकून लिहिलं, पण खोडत नाही.

सासऱ्यांची मोहगावच्या वाटेवर थोडी शेती होती, कापूस आणि संत्र्याची. सगळं जग त्यांना बैलांच्या हिशेबाने कळायचं. रस्त्यात बंद पडलेली बस म्हणजे 'बसला बैल'. साहेबासमोर मान हलवणारा कारकून नंदीबैल, अंगावर येणारा पटवारी मारका बैल. भरभर बोलणारी बाई असली तर म्हणत, "पटाचा बैल हाय बाप्पा, दम नाई घेत." पट म्हणजे बैलांची शर्यत. सांगितलेलं ज्याला कळत नाही तो बैल होताच, पण पाऊस असो, ताप असो, कामाला नाही म्हणत नाही तोही बैलच. यातला कुठला बैल, ते आवाजावरून ओळखायचं. मला वर्षभर ओळखता आलं नाही. ते माझ्याबद्दल कोणाला तरी म्हणाले, "सून बैल हाय आमची," आणि मी त्या दिवशी जेवले नाही.

विचारणार कसं? सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी तेव्हा आमच्याकडची रीत होती. घर भरलेलं असलं की ती निभते. सासूला सांगायचं, नणंदेला सांगायचं, निरोप पोचतो. आमच्या घरात मधे कोणीच नव्हतं. मग सासऱ्यांनी आपली वाट काढली. मी शाळेतून आले की ते गोठ्यात उभं राहून बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणत, "काहो, आज साळा उशिरा सुटली वाटते. भाकर झाकून ठेवली हाय, कोनी खाईन तं." मी ओसरीवर असायचे. मग मीही शिकले. वैरण टाकायच्या निमित्ताने जायचे आणि म्हणायचे, "उद्या शाळेत तपासणी आहे. डबा सकाळीच करून ठेवते." आमचा घरसंसार असा चालायचा.

शेजारच्या काकू कुंपणावरून सगळं ऐकत. एका रविवारी मला म्हणाल्या, "तुमच्या घरी बोलते कोन वो मॅडम? सासरा बैलाशी बोलते अन् सून पुस्तकाशी." मी हसले. आत येऊन दार लावल्यावर मात्र लक्षात आलं की त्या दिवशी माझ्याशी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात दोन बैलांपैकी उजव्या बाजूचा मेला. पोट फुगलं, डॉक्टर येईपर्यंत संपलं. उरला तो डावीकडे जुंपायचा. आयुष्यभर त्याच बाजूला चाललेला, त्यामुळे मोकळ्या गोठ्यातही तो डावीकडेच सरकून उभा राहायचा आणि उजवीकडची जागा सोडायचा. मी रोज तिथून झाडायचे. ती रिकामी जागा झाडताना मला बस्तरची आठवण यायची.

थोड्या दिवसांनी गुरांचा दलाल आला. म्हणाला, "काका, एकटा बैल काय कामाचा? जोडी लागते. देऊन टाका." सासऱ्यांचं वय झालं होतं, शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरत होतं, बैल ठेवायला कारण नव्हतं. मी आत भाजी चिरत होते, ती तशीच टाकून दारात आले. बैल गेला तर या घरात आम्ही दोघं एकमेकांना काही सांगणार कसं?

सासरे म्हणाले, "काम नाई करत तो आता. बोलते."

"कोन बोलते?"

"बैल."

दलालाने माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने. मग निघून गेला.

पोळ्याच्या आठ दिवस आधी माझ्या बदलीचा हुकूम आला. तुमच्या आजोबांनी अर्ज लावून धरला होता. महिन्याभरात बस्तरला हजर व्हायचं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण तो कागद आठ दिवस माझ्या पर्समध्येच राहिला. शब्द काय वापरायचे ते ठरेना. मी वर्गात रोज दुसऱ्यांना वाक्यं करायला लावणारी बाई.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू घासून खांद्यावर घट्टे पडतात, त्यांना हळद आणि लोणी लावून चोळायचं. मग घरच्या बाईने बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मी पाणी घेऊन गेले, बैलाचे पाय धुतले आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एवढंच म्हणून बाईने आत जायचं असतं. मी गेले नाही. सासरे खांदा चोळत होते. मी बैलालाच म्हणाले, "माझी बदली झाली. बस्तरला. पुढच्या महिन्यात जावं लागेल."

ज्याला जेवायला बोलावलं त्यालाच त्याच दमात निरोप दिला. असं कोणी करत नाही. तोंडातून निघाल्यावर मला ते कळलं.

सासऱ्यांचा हात थांबला नाही. खांदा चोळून झाल्यावर बैलाच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "आयकलं का? पोस्टमननं कागद माह्याच हाती देल्ला होता, बदलीचा हाय म्हने. म्या म्हटलं, पाहू कधी सांगते. सांगितलं, पाह्य. न सांगता खुंटा तोडनाऱ्यातली नाई ते. बैल हाय सून आपली."

तेव्हा मला आवाज ओळखता आला. मी आत जाऊन पुरणाची डाळ निवडत बसले आणि बराच वेळ तीच तीच मूठ निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते एकट्या बैलाला सजवून पोळ्यात घेऊन गेले. कोणीतरी ओरडलंच, "एका बैलाचा पोळा कुठी पाह्यला काय, बुवा?" ते म्हणाले, "आता पाह्य नं मंग." आणि तोरणाखाली जोड्यांच्या रांगेत उजवीकडची जागा सोडून उभे राहिले. हे मला काकूंनी सांगितलं. बैल परत आल्यावर मी त्याला पुरणपोळी भरवली.

निघायच्या सकाळी मी गोठ्यात जाऊन "येते" म्हणाले. सासरे ओसरीवर पाठमोरे बसले होते.

बस्तरला दिवाळीत एक पोस्टकार्ड आलं. सासऱ्यांना लिहिता येत नसे. अक्षर काकूंचं होतं. 'बैल बरा आहे. तो विचारून राहिला की सून कधी येते.' संक्रांतीला दुसरं आलं: 'बैलाला थंडी वाजून राहिली. तिकडे थंडी आहे का ते त्याने विचारलं आहे.' होळीला तिसरं: 'बैल म्हणतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत ये.' मी दर वेळी उत्तर लिहिलं आणि त्यात बैलाला नमस्कार सांगितला.

सुट्टीत गेले. गोठा धुतलेला, कोरडा. खुंट्याला दोर नाही. काकू कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, "दिवाळी झाल्यावर पंधरा दिसांतच गेला वो."

"पण कार्डं?"

"ते सांगत, मी लिहून राहिली होती. बैलाच्या नावानं लिहा म्हनत. म्या कशी नाई म्हनू?"

संध्याकाळी सासरे ओसरीवर होते. मी चहा ठेवला. दोघंही सवयीने गोठ्याकडे पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "मामाजी, बैल गेला ते कळवलं का नाही?"

त्यांनी चहा उचलला. माझ्याकडे न पाहता, पण मलाच म्हणाले, "मंग तुले लिहिलं कोनं असतं?"

पुढे महिनाभर मी तिथे होते. मी चहा झाला म्हणायचे, ते हूं म्हणायचे. तोंडासमोर बोलायची आम्हाला सवयच नव्हती आणि बोलायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्या वर्षीच्या पोळ्याला मी बस्तरला होते. थंडीत ते गेल्याची तार आली. मधल्या काळात एकही कार्ड आलं नव्हतं.

शेत आणि घर पुढे विकलं. तिन्ही पोस्टकार्डं माझ्याकडे आहेत. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते.