निवडलेलं पुसू न देणाऱ्या शिवलीलाताई

शिवलीलाताई हलकुडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडच्या आमच्या छोट्या कंपनीत, आणि त्या मला आवडल्या नाहीत. गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या साठीनिमित्त सर्वांत जुना सहकारी म्हणून संपादकांनी मला लेख मागितला, आणि माझ्याकडे जे आहे तेच मी देऊ शकतो.

आम्ही जनावरांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट तयार करत होतो. शोध घेतल्यावर येणाऱ्या निकालांचं पान माझ्याकडे होतं. यादी लांबलचक येते. हवं तेवढंच उरावं म्हणून बाजूला फिल्टर द्यावे लागतात. मी पुण्यात शिकलेला, अनुभवी. ताई उदगीरच्या कापड दुकानदाराच्या घरातल्या; मुलं मोठी झाल्यावर संगणकाचा कोर्स करून आलेल्या. जनावराच्या वयासाठी मी महिन्यांची एक पट्टी केली होती, सरकवली की आकडा बदलणारी. सगळ्यांनी कौतुक केलं. ताईंनी ती दोनदा सरकवून पाहिली आणि म्हणाल्या, "सर, महिने कोण मोजतंय? बाजारात तोंड उघडून दात बघतेत."

मग त्या चार आठवडे देवणीच्या बाजारात जाऊन बसल्या. गिऱ्हाईक आधी काय विचारतं, मग काय विचारतं, ते वहीत लिहून आणलं. म्हणाल्या, "आमचे अप्पा दुकानात हेच करायचे. आधी विचारायचे, कुणासाठी पायजे? मग दहाच लुगडी काढायचे." माझी पट्टी गेली. तिच्या जागी 'दोन दाती, चार दाती, जुळलेली' (म्हणजे सगळे दात आलेली) असे पर्याय आले. दुभती की भाकड, हे सगळ्यांत वर गेलं. प्रत्येक पर्यायापुढे तशी जनावरं किती आहेत तो आकडा आला, म्हणजे टिचकी मारून रिकामं पान बघायची वेळ कुणावर येऊ नये. पुढे ते पान ताईंकडे सोपवलं गेलं आणि मी त्यांच्या हाताखाली आलो. त्यांनी मला 'सर' म्हणणं सोडलं नाही. त्यामुळे ते जास्तच लागायचं.

त्यांचं नवं पान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आधी 'दुभती' निवडून नंतर तालुका बदलला, तर पहिली निवड गुपचूप पुसली जात होती. मोबाईलवर ते दिसतही नव्हतं. मी बोललो नाही. उद्या सगळ्यांसमोर फजिती होऊ दे, असं मनाशी ठरवलं.

फजिती झाली ती जळकोटच्या एका बाईंची. घरी दुधासाठी त्यांना गाय हवी होती. साइटवर बघून त्या टेम्पो घेऊन गेल्या, तर समोर भाकड गाय. त्यांचा फोन आल्यावर ताई मला घेऊन जळकोटला गेल्या. बाई म्हणाल्या, "म्या दुभतीच निवडली होती. तुमच्या मोबाईलनं भाकड दाखविली. घरचे समदे म्हणायलेत, हिला वाचता येत न्हाई."

"तुम्ही बरोबरच निवडली होती. चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. मग बाईंच्या नवऱ्याला आणि जावांना बोलावून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी शेजारी बसून चहा प्यालो.

परत आल्यावर त्यांनी बिघाड दुरुस्त केला आणि निकालांच्या वर एक ओळ आणली: 'तुम्ही निवडलेलं – देवणी, दुभती, जळकोट.' जात, दूध आणि तालुका; प्रत्येक शब्दाजवळ फुली. ती दाबल्याशिवाय काहीही जाणार नाही. मोठ्या साइटवर अशी ओळ तेव्हाही असे. पण अक्षर केवढं हवं, फुली अंगठ्यात येते का, हे त्याच बाईंना विचारून केलेली मी दुसरी पाहिली नाही. त्या कामामुळे ताईंना लातूरला शिकवायला बोलावलं गेलं. माझ्या गप्प बसण्यातून त्यांचं सर्वांत चांगलं काम निघालं, याचाही मला मत्सर वाटला.

हा लेख लिहिण्याआधी मी लातूरला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"तुम्हाला कधी संशय आला नाही?" मी विचारलं.

"न्हाई. मी नीट तपासलं नव्हतं, असंच इतकी वर्षं वाटत होतं." मग त्यांनी विचारलं, "जळकोटच्या बाईंना सांगितलं का?"

"नाही."

"मग आधी तिकडं जा, सर. लेख मागून लिहा."

मी गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या मॅडम लई चांगल्या. बऱ्या हायत ना?" तेव्हा ताईंसोबत आलेला माणूस मीच, हे त्यांना आठवतही नव्हतं.

शिवलीलाताई, आपणांस उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. आपण काम करत आहात तोवर माझा क्रमांक दुसराच राहणार, हे पक्कं माहीत असूनही मी हे मागतो आहे.