नळाची बारीक धार

दिवाळीनंतर एकाच सकाळी आमच्या घरातून तिघं निघालो. आई आणि वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून शिरूर कासारहून सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेले आणि मी मांजरसुंब्याला येऊन हैदराबादची बस धरली, रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला. ट्रकवरून आई म्हणाली, "कुटं बी ऱ्हा माय, पर पाणी जपून वापर." रडायला कुणालाच वेळ नव्हता.

लॅबमध्ये माझं काम फॉस्फरसचे नवे क्षार बनवायचं. मीठच म्हणा, फक्त खायचं नाही. क्षार शुद्ध निघाला तरच माझी फेलोशिप पुढे चालणार होती. त्याचा कच्चा माल करायलाच मला दोन महिने लागले होते. तो टोल्युइन नावाच्या द्रावकात दिवसभर उकळायचा. वर काचेची नळी, तिच्याभोवती नळाचं गार पाणी सतत खेळतं ठेवायचं, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये उतरते. आणि ते पाणी सरळ गटारात.

मला काही ते बघवेना. नळ पिळून करंगळीएवढी धार ठेवली आणि लेक्चरला गेले. परत येते तो टोल्युइन उडून गेलेलं, तळाला काळी खरपुडी.

"नळ कोणी कमी केला?" आमच्या गाईड मॅडमनी विचारलं.

मीच, म्हणाले. का केला, ते सांगायची लाज वाटली. याचं मला अजून वाईट वाटतं.

पुन्हा दोन महिने घालून कच्चा माल केला. या खेपेला कूलरचा छोटा पंप आणला आणि टबात बर्फ घालून तेच ते पाणी फिरवत ठेवलं. संध्याकाळी तळाशी पांढरा साका बसला. गाळला, ईथरने धुतला, वाळवला. एनएमआर तपासणीच्या कागदावर फॉस्फरसची एकच रेघ आली, म्हणजे भेसळ नाही. फेलोशिप टिकली. दादांना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी किती लागलं?"

उन्हाळ्यात घरी गेले. टँकर आठवड्यातून एकदा येत होता. अशा दिवसांत आमच्याकडे आंघोळीला घरच्यांना अर्धी बादली आणि पाहुण्याला अख्खी. आईने माझ्यासाठी काठोकाठ भरून ठेवली होती. जळलेल्या फ्लास्कपेक्षा ती बादली मला जास्त लागली. तुमच्यातल्या दूर गेलेल्यांना हे सांगावं लागणार नाही.

मी अर्धं पाणी साठवणीच्या टिपाडात परत ओतलं.

"लई उन्हातनं आलीस, कर की नीट आंघोळ," आई म्हणाली.

"मी पाव्हणी न्हाई," मी म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी आईने अर्धीच बादली ठेवली.