पेडलखालची चटई

मिस्त्रीचा पारा चढायला निमित्त लागत नसे. “गिअरबॉक्सच गेलाय!” असं त्याने धाकट्या बहिणीला ठणकावलं होतं. तरी खात्री करायला तो तिचा जुना डिझेल ट्रक मालासकट चढावर घेऊन आला. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तळापर्यंत दाबलं की ऑटोमॅटिक गाडीत आपोआप खालचा गिअर पडून जोर वाढायला हवा. पण ट्रक नुसताच धापा टाकत होता. मागे गाड्यांची रांग. शेजारी बहीण जीव मुठीत धरून बसलेली. दातओठ खात त्याने पेडल आणखी दाबलं, तर खाली काहीतरी मऊ लागलं.

“ती चटई ओढ!” पाय उचलून तो ओरडला.

तिने वाकून जाड चटई उपसली. त्याने पुन्हा पाय दाबताच पेडल तळाला टेकलं, खाडकन गिअर बदलला आणि ट्रक जोमाने चढू लागला.

“कुठल्या गाढवाने घातली ही?”

“पायांना इंजिनाची धग लागते म्हणून तूच घातलीस, दादा.”